इनटेक क्लीनिंगला नाही

माझा नवरा कमलाकर सोवनी ह्याला बाहेरच्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. काही बायका म्हणतात, "आमचे हे फार भिडस्त हो," आणि वर लाजतात. मला लाज येत नाही, संताप येतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, आणि लग्नापासून ती बहीण आमच्या घरात मुक्कामाला आहे.

चिंचवडचा मुलगा, वडील हेडमास्तर. शाळेत 'हो सर' आणि घरी 'हो अण्णा', एवढ्यावर ह्याचं बालपण झालं. ह्याला भूगोल आवडायचा, नकाशे काढायचा. अण्णा म्हणाले इंजिनिअरिंग, हा हो म्हणाला. कंपनीनं विचारलं सिंगापूरला जातोस का, हो. इथल्या पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, कमलाकर फार लांबलचक आहे, 'कॅम' म्हटलं तर चालेल? हा म्हणाला, शुअर. पणजोबांचं नाव बसल्या बसल्या देऊन टाकलं. आता ह्याच्या ईमेलखाली कॅम असतं, आणि मॉलमध्ये कुणी कॅम म्हणून हाक मारली तर हा मान वळवून बघतो.

लग्न होऊन मी आले तेव्हा आम्ही क्लेमेंटीला एका फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहत होतो. घरमालकीण ह्याला आधीच म्हणाली होती, हेवी कुकिंग चालणार नाही. आता हेवी म्हणजे नक्की काय, ते विचारावं की नाही माणसानं? ह्यानं विचारलं नाही, हो म्हणून मोकळा झाला. मी आल्या आल्या तेल तापवून मोहरी टाकली तर बाई खिडक्या उघडत धावत आली. त्यानंतर ती खोली सोडेपर्यंत मी बिनफोडणीचं वरण खाल्लं. नवी नवरी आणि घरात हिंगाचा वास नाही. तिला जरा समजावून सांग म्हटलं तर म्हणाला, "आता आपण हो म्हटलंय ना, अंजली."

घरात मात्र ह्याचा 'नाही' जिभेच्या टोकावर असतो. माझ्या आईला महिनाभर बोलावू या? नाही, आत्ता नको. मी तो बेकिंगचा कोर्स करू? नाही, लेकीची परीक्षा आहे. सोफा खिडकीकडे सरकवू या का? नाही, आहे तिथे बरा आहे. दिवसभर बाहेर मान डोलवून आलेला माणूस, घरी आला की ती आडवी हलवतो. तेवढाच मानेला व्यायाम.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गाडी. आणि गाडीच्या आधी जकार्ता.

एका गुरुवारी कमलाकर ऑफिसातून आला, हातपाय धुतले आणि चहा पिता पिता म्हणाला की रेमंड जकार्ताला माणूस शोधतोय. रेमंड म्हणजे ह्याचा बॉस. तिकडे नवं ऑफिस उभं करायचं, दोन वर्षं राहायचं. आमची इरा सेक फोरला, म्हणजे आपल्याकडची दहावी, ओ लेव्हलची परीक्षा तोंडावर आलेली. तिला मधूनच उचलून कुठे नेणार? म्हणजे हा तिकडे, आणि आम्ही मायलेकी इकडे बुकित पंजांगला.

"तू काय म्हणालास?"

"विचार करतो म्हणालो."

"नाही म्हण."

"अगं, असं एकदम तोंडावर..."

"एकदम नको, सावकाश म्हण. पण नाही म्हण. मला इथे दोन वर्षं एकटीनं राहायचं नाहीये, कमलाकर. मला जमणार नाही."

इतक्या सरळ शब्दांत मी त्याच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. वरणाच्या फोडणीसाठी सुद्धा मी टोमणे मारले होते, मागितलं नव्हतं. तो कपात बघत राहिला आणि म्हणाला, "बघतो."

आतून इराचा आवाज आला, "आई, बाबा कॅनॉट से नो, लाह."

मी तिला म्हटलं, अभ्यास कर. पण पोरगी खोटं बोलत नव्हती. रेमंडला सांगायला महिनाअखेरपर्यंत वेळ आहे असं कमलाकर म्हणाला, आणि मी मनाशी ठरवलं की तोवर ह्याच्या मागे हात धुऊन लागायचं.

त्या शनिवारी गाडीची सर्व्हिसिंग होती. उबीला डीलरचं सर्व्हिस सेंटर आहे, तिथे आम्ही गेलो. वर काचेची खोली, थंडी वाजेल इतका एसी, फुकटची कॉफी, आणि हातात टॅब्लेट घेऊन फिरणारे टायवाले सल्लागार. आमच्या वाट्याला नेहमी केल्विन येतो. इतकं गोड बोलतो की मला मधुमेह होईल. तो आला, कमलाकरशेजारी बसला आणि म्हणाला, "मिस्टर कॅम, इंजिन ओके, ब्रेक ओके. ओन्ली एअर इनटेक, व्हेरी डर्टी."

मग त्यानं समजावून सांगितलं. इंजिनात हवा जाते त्या वाटेवर काजळी धरते. साफ केली नाही तर गाडीचा जोर कमी होतो, उभ्या गाडीत इंजिन थरथरतं, आणि एखाद्या दिवशी एक्सप्रेसवेवर बंदसुद्धा पडू शकते. म्हणून इनटेक क्लीनिंग, हायली रेकमेंडेड. हे 'हायली रेकमेंडेड' त्यानं असं म्हटलं की जणू आमच्या जिवाची काळजी त्याला आमच्याहून जास्त.

मी तोंड उघडायच्या आत कमलाकर म्हणाला, "शुअर, शुअर. प्लीज गो अहेड."

त्या दिवशी त्यांच्याकडे वेळ नव्हता, म्हणून पुढच्या शनिवारी गाडी आणायची ठरली. केल्विन हसत हसत गेला. मी गाडीत बसेपर्यंत दात-ओठ खाऊन गप्प राहिले.

"आपल्या गाडीला झालंय काय?" मी विचारलं. "थरथरते? चढावर धापा टाकते? समोर तो इंजिनचा दिवा लागलाय?"

"नाही."

"मग कशाला साफ करायचं?"

"करून घेतलेलं बरं, अंजली. ते रोज बघतात, त्यांना कळतं."

"त्यांना विकायचं कळतं."

"करून घेऊ," तो म्हणाला. एरवी मी चिडले की तो जरा माघार घेतो, विषय बदलतो. ह्या वेळी बदलला नाही. मला वाटलं, केल्विनला शब्द दिलाय ना, आता जीव गेला तरी पाळेल.

आणि मग माझ्या डोक्यात आलं की हे बरंच झालं. जो माणूस गाडी धुणाऱ्याला नाही म्हणू शकत नाही तो रेमंडला काय म्हणणार? आधी केल्विन, मग रेमंड. लहान मुलाला आधी कडेच्या पाण्यात उतरवतात तसं. पुढच्या शनिवारी इनटेक क्लीनिंगला नाही म्हणायला लावायचं, आणि त्याच दमात सोमवारी जकार्ताला.

पण नाही म्हणायचं तर कारण हवं, नुसती आदळआपट उपयोगाची नाही. गाडीच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कंपनीचं पुस्तक होतं, ते मी वर घेऊन आले आणि भाजी शिजेपर्यंत ओट्यापाशी उभी राहून वाचलं. ऑइल कधी बदलायचं आहे, प्लग कधी, हवेचा फिल्टर कधी, सगळं दिलेलं होतं. इनटेक क्लीनिंगचं नावसुद्धा नाही. मग नेटवर आणखी वाचलं. इंजिनं दोन तऱ्हेची असतात. एका तऱ्हेत पेट्रोल थेट इंजिनाच्या पोटात उडतं, त्यात हवेच्या झडपांवर काजळी बसते आणि ती कधी ना कधी काढावी लागते. दुसऱ्या तऱ्हेत पेट्रोल झडपांवरून वाहत आत जातं आणि जाता जाता त्या धुऊन काढतं. आमची गाडी दुसऱ्या तऱ्हेची. फिल्टर गेल्याच वर्षी नवा घातलेला. म्हणजे ज्या घरात रोज झाडू फिरतो तिथे हे लोक साफसफाईची बायको विकायला आले होते. बायको नव्हे, बाई. बघा, रागात शब्दसुद्धा धड येत नाहीत.

जेवताना मी हे सगळं कमलाकरला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, ताक प्यायला आणि म्हणाला, "नाही गं. करून घेऊ."

हा पाहा ह्याचा 'नाही'. मला.

मी केल्विनला व्हॉट्सअ‍ॅप केला, आमचा इनटेक किती घाण आहे त्याचा फोटो पाठव. पठ्ठ्यानं लगेच पाठवला, खाली 'युअर कार' लिहून. फोटोत काळा जाड पाइप, आत काजळीचा थर, आणि शेजारी फिल्टरच्या काळ्या डब्याचं झाकण उघडून ठेवलेलं. मी फोटो मोठा करून बघितला आणि बघतच राहिले.

आता इथे आमच्या माहेरची पद्धत सांगायला हवी. खंडेनवमीला लोक गाडीला समोरून हार घालतात, नारळ फोडतात, झालं. आमच्याकडे तसं चालायचं नाही. वडील म्हणायचे, पूजा यंत्राची असते, पत्र्याची नाही. ते बॉनेट उघडून थेट इंजिनाला हळदकुंकू वाहायचे. मीही इथे दर वर्षी ब्लॉकच्या कारपार्कमध्ये बॉनेट उघडून तेच करते. कमलाकर दोन खांब पलीकडे उभा राहतो, आमची गाडी नाहीच अशा चेहऱ्यानं. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून सपाट जागा दिसली तिथे, त्या मोठ्या काळ्या डब्याच्या झाकणावर, मी तेलात कालवलेल्या कुंकवानं स्वस्तिक काढते. वर्षानुवर्षं तिथेच. तो डाग आता जन्मात जायचा नाही. एका मेकॅनिकनं पुसायचा प्रयत्न केला होता, तर तो आणखीच पसरला होता.

फोटोतलं झाकण कोरं करकरीत होतं.

तरी खात्री करावी म्हणून खाली गेले, बॉनेट उघडलं. लालभडक स्वस्तिक जागच्या जागी. मीही फोटो काढला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. दुसऱ्याच कुणाच्या गाडीची काजळी दाखवून हे लोक आम्हाला मूर्ख बनवत होते, आणि माझा नवरा त्यांना शुअर शुअर म्हणत होता.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून मी कमलाकरपुढे फोन धरला.

"चुकून दुसरा आला असेल," तो म्हणाला.

"कमलाकर."

"बरं. सांगतो त्याला."

"फोनवर नाही. समोर जाऊन. फोनवर कुणीही नाही म्हणतो."

मग आम्ही तालीम केली. जेवणाच्या टेबलावर मी केल्विन झाले. "मिस्टर कॅम, हायली रेकमेंडेड," मी म्हटलं. कमलाकर म्हणाला, "नो, थँक यू, वी डोन्ट नीड इट," पण असं म्हणाला की समोरच्यानं त्याला माफ करावं.

"बाबा, यू साउंड लाइक यू सेइंग येस," इरा म्हणाली.

परत म्हणायला लावलं. परत. रोज. त्या आठवड्यात मीठ वाढू का विचारलं तरी इरा त्याला "से नो, बाबा" म्हणायची, आणि तो हसायचा. मला वाटलं गाडी रुळावर येतेय. मधूनच मी विचारायचे, रेमंडशी बोलणं झालं का? तो म्हणायचा, अजून नाही.

शनिवारी उबीला पोचलो. केल्विन दारातच होता. "मिस्टर कॅम, ऑल रेडी. की, प्लीज."

त्या एसीतही कमलाकरच्या कपाळावर घाम आला. मी एक पाऊल मागे उभी राहिले, मुद्दाम. तो म्हणाला, "नो. वी आर नॉट डुइंग द क्लीनिंग."

केल्विनचं हसू तसंच. "इट्स फॉर युअर सेफ्टी, सर."

"इट्स नॉट इन द मॅन्युअल."

"मॅन्युअल इज बेसिक ओन्ली."

कमलाकरनं फोन काढला. "धिस इज नॉट माय कार," तो म्हणाला. "माय कार हॅज अ रेड मार्क. माय वाइफ मेड इट."

केल्विननं दोन्ही फोटो बघितले. ओशाळला नाही, ह्याचं मला आजही नवल वाटतं. म्हणाला, "रेफरन्स फोटो, सर. सेम प्रॉब्लेम. मिस्टर कॅम, ट्रस्ट मी."

"अँड माय नेम इज नॉट कॅम," कमलाकर म्हणाला. आवाज चढला होता. कॉफी घेणारे दोघंतिघं वळून बघायला लागले. "इट इज कमलाकर. अँड द आन्सर इज नो."

आणि तो वळून चालायला लागला. मी मागोमाग. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत मला नवऱ्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

गाडीत बसलो. तो स्टिअरिंगवर हात ठेवून नुसताच हसत होता, बक्षीस मिळालेल्या मुलासारखा. मी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि म्हटलं, "असंच. सोमवारी रेमंडला अगदी असंच सांग."

हसू गेलं. त्यानं किल्ली फिरवली नाही.

"अंजली," तो म्हणाला, "रेमंडला मी हो म्हटलंय."

"कधी?"

"त्या गुरुवारीच. त्यानं विचारलं तेव्हाच. पुढच्या महिन्यात जायचंय."

तोच बोलत राहिला. "मी नसताना गाडी तूच चालवणार. कधी रात्री-अपरात्री इराला आणायचं असलं, आणि मधेच बंद पडली एक्सप्रेसवेवर, तर तू एकटी काय करशील? म्हणून म्हटलं जायच्या आधी गाडीचं जे जे असेल ते सगळं करून घ्यावं. केल्विन म्हणाला तेव्हा मला तेच डोक्यात आलं. मला माहीत होतं गं, कदाचित गरज नसेल."

म्हणजे आठवडाभर मी ह्याला 'नाही' शिकवत होते आणि हा विद्यार्थ्यासारखा समोर बसून शिकत होता. मला जमणार नाही म्हणून मी सांगितलं, त्याच्या आधीच हा शब्द देऊन आला होता. चहा पीत माझं ऐकून घेतलं, 'बघतो' म्हणाला. पोरीसमोर हसला. मला तेव्हा काय वाटलं ते सांगते: मला त्याचा तिरस्कार वाटला. केल्विननं दुसऱ्याच्या गाडीचा फोटो दाखवला होता. ह्यानं काय वेगळं केलं?

"उतर," मी म्हटलं.

"काय?"

"गाडीतून उतर. समोर उबी स्टेशन आहे. डाउनटाउन लाइनची मेट्रो थेट बुकित पंजांगला जाते, बदलावी पण लागत नाही. गाडी आता मलाच चालवायची आहे ना, मग आजपासूनच चालवते."

मला वाटलं, आता म्हणेल. नाही म्हणेल, वेड्यासारखं काय करतेस म्हणेल, सोफा सरकवायला नाही म्हणतो तसं सहज नाही म्हणेल. मी वाट बघितली.

तो म्हणाला, "बरं."

आणि उतरला. दार हळूच लावून घेतलं, बाहेरच्या माणसाच्या गाडीतून उतरावं तसं. इतकी वर्षं मी ह्याच्या घरातल्या 'नाही'वर चिडत आले. त्या 'नाही'मुळे मी घरची होते हे मला त्या पार्किंगमध्ये कळलं.

मी सीट पुढे ओढून घेतली आणि निघाले. आधी पीआयई एक्सप्रेसवे, मग बीकेई. शनिवारची दुपार असून रस्ता मोकळा होता. गाडी एकदाही अडखळली नाही, चढावर सुद्धा नाही. बीकेईच्या झाडीत मला एकदा वाटलं, पडावी बंद. इथेच पडावी, मधोमध, म्हणजे मला त्याला फोन करता येईल आणि म्हणता येईल, बघ, मला जमत नाही, जाऊ नकोस. पण तिला काही झालेलंच नव्हतं.

घरी आले. इरा पुस्तकं पसरून बसली होती. "सो? बाबा सेड नो?" तिनं विचारलं.

"म्हणाला."

"वाह. वेअर इज ही?"

"जकार्ताला गेलाय," मी म्हटलं.

ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली.